खडकी ते छत्रपती संभाजीनगर : राज्यकर्ते बदलले, पाणी कोणी सांभाळलं?

जुन्या शहरांवरच्या या मालिकेत मागच्या वेळी आपण पैठणला होतो. गोदावरीच्या काठावरचं, दोन हजार वर्षांहून जुनं शहर. पैठण तिथेच का वसलं, हा प्रश्न आपल्याला पडलाच नाही, कारण उत्तर समोर वाहत होतं. आज आपण पैठणहून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला आलोय आणि इथे मात्र हाच प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागतो. मराठवाड्यातलं हे सर्वांत मोठं शहर. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या. पण जवळून एकही मोठी नदी जात नाही. खाम नावाची एक छोटी नदी आहे, ती उन्हाळ्यात आटते. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. खाली काळा कातळ. मग इतकं मोठं शहर इथे कसं उभं राहिलं?

सुरुवातीलाच नावांबद्दल एक गोष्ट ठरवून टाकू. या शहराला चारशे वर्षांत चार नावं मिळाली : खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. आपण ज्या काळाबद्दल बोलत असू, त्या काळचं नाव वापरू. नावावरून वाद घालायला इतर जागा पुष्कळ आहेत. आज आपल्याला बघायचंय ते नावांच्या खाली, शब्दशः जमिनीच्या खाली काय होतं ते.

आधी देवगिरी

खडकीची गोष्ट देवगिरीपासून सुरू होते. तिथून जेमतेम पंधरा किलोमीटर. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरीला राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी झाली, १३१८ मध्ये यादवांचं राज्य संपलं. १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने तिचं दौलताबाद केलं आणि दिल्लीच्या दरबाऱ्यांना, उलेमांना, त्यांच्या कुटुंबांना इथे आणलं. हा प्रयोग काही वर्षांतच फसला, हे आपण शाळेत शिकलोय. पुढे १३४७ मध्ये बहमनी राज्याची सुरुवातही दौलताबादेतच झाली, पण राजधानी लगेच गुलबर्ग्याला गेली. १४९९ मध्ये किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे आला.

आता या यादीकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. जो तो दौलताबाद जिंकतो, पण मोठी राजधानी म्हणून ती कोणालाच फार काळ टिकवता येत नाही. कारणं अनेक आहेत, राजकीय आहेत, अंतराची आहेत. पण एक कारण डोंगरावर चढताना आपल्यालाही कळतं. किल्ल्यात हत्ती हौद आहे, सरस्वती बाव आहे. शिबंदीला पुरेल, वेढ्यात तग धरता येईल, एवढं पाणी किल्ला साठवतो. पण लाख-दोन लाखांच्या शहराला रोज लागणारं पाणी वेगळं. किल्ल्याला साठा लागतो, शहराला प्रवाह लागतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मलिक अंबरची खडकी

आता येतो मलिक अंबर. जन्म इथिओपियातला, सुमारे १५४८ चा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारांतून फिरत दख्खनमध्ये पोचला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला, निजामशाही संपल्यात जमा होती. अशा वेळी या माणसाने एका वारसाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही.

त्याची राजधानी सतत हलत होती : परांडा, मग जुन्नर, मग दौलताबाद. १६१० मध्ये त्याने दौलताबादजवळच्या खडकी नावाच्या गावी शहर वसवायला घेतलं. नाव बघा, खडकी. खडकाळ जागा. आजही शहरात खडकेश्वराचं मंदिर आहे, त्या नावात ते जुनं गाव जिवंत आहे. १६१२ चा भडकल दरवाजा हा शहराच्या जुन्या दरवाजांपैकी एक, तो मलिक अंबरचा. नौखंडा महाल त्याचा. त्याच्या सैन्यात मराठा सरदार मोठ्या संख्येने होते. वेरूळच्या भोसल्यांचं घराणं त्यातलंच. शहाजीराजे पुढे त्याच्याबरोबर लढले.

पण महाल आणि दरवाजे सगळेच बांधतात. मलिक अंबरने जे वेगळं केलं ते असं की, त्याने शहराला पाणी आणलं. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत, त्याच बाजूला आपली औरंगाबादची लेणी आहेत. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूच्या खोऱ्यात, पावसाचं पाणी मुरतं. दख्खनचा कातळ स्वतः पाणी फारसं धरत नाही. पण त्याच्या वरचा झिजलेला थर, मुरूम आणि कातळातल्या भेगा, यात पाणी साठतं. त्या साठ्यापर्यंत खोदायचं आणि तिथून जमिनीखालून बांधीव वाट काढून ते पाणी शहरात न्यायचं, ही ती कल्पना. तिचं नाव नहर-ए-अंबरी.

हे चालायचं कसं, ते नीट समजून घेऊ. समजा जमिनीला शहराकडे उतार आहे. आपण वर, डोंगराजवळ, खोल जाऊन पाणी गाठलं. तिथून शहराकडे जमिनीच्या उतारापेक्षा किंचित कमी उताराची वाट खणली, तर काय होईल? ती वाट हळूहळू जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येत जाईल आणि शहरापाशी पाणी आपोआप वर निघेल. मोट नको, रहाट नको, बैल नको. पाणी स्वतःच्या वजनाने येतं. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवायची, ती हवेसाठी आणि आत उतरून गाळ काढण्यासाठी. शहरात शिरल्यावर दगड-चुन्याच्या पाटांतून आणि खापरी नळांतून ते मोहल्ल्यामोहल्ल्यांत वाटायचं. नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून मधे मधे उंच मनोरे. त्या मनोऱ्यात पाणी वर चढतं, हवा निघून जाते, दाब सारखा होतो आणि पाणी पुढच्या नळात उतरतं. बंद नळातलं पाणी जिथून निघालं जवळजवळ तितक्या उंचीवर पुन्हा चढू शकतं, हे शाळेतलं विज्ञान. ते इथे शहरभर पसरलं होतं.

ही विद्या मूळची इराण-मध्य आशियाकडची. दख्खनमध्ये ती आधीपासून होती. बिदरला अशी भुयारी वाट आहे, बऱ्हाणपूरला मोगलांनी १६१५ मध्ये बांधली आणि खुद्द अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीने आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आणलं होतं. मलिक अंबर त्याच शहरात वाढलेला कारभारी. पाण्याचं त्याला किती भान होतं, याचा एक पुरावा रणांगणावरचा आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची जमीन चिखलात घातली आणि मोगल-आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले.

आणि खडकीचं काय झालं? १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मलिक अंबर हरला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ च्या सुमारास शाहजहानच्या, तेव्हाच्या शहाजादा खुर्रमच्या, फौजेने पुन्हा तेच केलं. दोनदा उद्ध्वस्त झालेलं शहर तिसऱ्यांदा त्याच जागी उभं राहिलं. का? घरं जळतात, महाल पडतात. पण डोंगराच्या पायथ्याचं पाणी आणि जमिनीखालची वाट जळत नाही. जिथे पाणी येतंय तिथे माणूस परत येतो.

फतेहनगर आणि औरंगाबाद

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर नाव दिलं. ते नाव फार टिकलं नाही. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतलं, पुढच्या तीन वर्षांत निजामशाही पूर्ण संपली. शहाजादा औरंगजेब दोनदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला. दुसऱ्या खेपेला, १६५३ मध्ये, त्याने इथे मुक्काम केला आणि शहराचं नाव औरंगाबाद झालं.

इथे आपल्याला थांबून विचारायला हवं. मोगलांकडे पैसा होता, कारागीर होते, सगळा मुलूख मोकळा होता. ज्या मलिक अंबरशी त्यांचं उभं वैर होतं, जहांगीर ज्याच्याबद्दल शिवीशिवाय लिहीत नसे, त्याचंच शहर त्यांनी राजधानी म्हणून का उचललं? नवं का वसवलं नाही? आम्हाला याचं उत्तर साधं वाटतं. दौलताबादचा किल्ला जवळ होता, उत्तर-दक्षिण रस्ता जवळ होता आणि पाण्याची व्यवस्था आयती तयार होती. नाव बदललं, नहर ठेवली.

नुसती ठेवली नाही, वाढवली. शहराच्या आसपास पुरे वसले. लोक चोपन्न पुरे सांगतात. त्यांची नावं वाचली तर मोगल सैन्याची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. जयसिंगपुरा हा मिर्झाराजे जयसिंगांचा. कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंगाचा, तिथल्या देवीची नवरात्रातली जत्रा आजही भरते. पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंग याचा. पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. या प्रत्येक वस्तीला पाणी लागत होतं. म्हणून नहरी वाढत गेल्या. थत्ते नहर, पळशी नहर, छावणीची नहर, पाणचक्कीची नहर, अशी नावं आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत.

आणि आजच्या नावाचा या काळाशी एक धागा आहे, तोही सांगायला हवा. पुरंदरचा तह आणि आग्र्याहून सुटका यांनंतर, १६६७ च्या अखेरीस, शंभूराजे मोगल मनसबदार म्हणून प्रतापराव गुजरांसह इथे आले होते आणि सुभेदार असलेल्या शहाजादा मुअज्जमला भेटले होते. वय अवघं दहा वर्षांचं. पुढे तेच संभाजी महाराज छत्रपती झाले आणि त्यांच्याविरुद्ध १६८२ मध्ये खुद्द औरंगजेब या शहरात येऊन राहिला. मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने त्याने शहराला तटबंदी घातली. त्या तटाचे दरवाजे आजही रस्त्यांवर उभे आहेत. दिल्ली दरवाजा उत्तरेला, जालना पूर्वेला, पैठण दक्षिणेला, मक्का पश्चिमेला. बावन्न दरवाजांचं शहर असं आपण म्हणतो. १६८३ मध्ये औरंगजेब इथून अहमदनगरकडे सरकला आणि दिल्लीला परत कधीच गेला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, खुलताबादला पुरला गेला. एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन पिढ्यांचे पुढारी, मलिक अंबर आणि औरंगजेब, दोघांच्या कबरी आज एकाच छोट्या गावात आहेत.

निजाम, आणि एक चक्की

१७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनचा स्वतंत्र मालक झाला. त्याची राजधानी औरंगाबाद. बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडला त्याला कोंडलं, ती जागाही इथून लांब नाही. पालखेडला निजामाची फौज कशाने नमली, आठवतंय? मराठ्यांनी तिला अन्नापासून आणि पाण्यापासून तोडलं. म्हणजे इथेही पुन्हा पाणीच.

याच काळातली पाणचक्की आपण सगळ्यांनी सहलीत पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर या सुफी साधूचा हा दर्गा. डोंगराकडून कित्येक किलोमीटर खापरी नळांतून आलेलं पाणी एका उंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर खालचं चाक फिरायचं आणि जातं दळायचं. दळण यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी, फौजेसाठी. मोठा हौद हेच खालच्या दालनाचं छप्पर, त्यामुळे वैशाखातही दालन गार. एकाच पाण्याने पीठ, गारवा आणि वजूची सोय. मलिक अंबरनंतर सव्वाशे वर्षांनी, तिसऱ्या राजवटीत, तीच विद्या आणखी बारकाईने वापरली जात होती.

१७६३ मध्ये मात्र घडी मोडली. त्या वर्षी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामअलीचा पराभव केला आणि त्याच सुमारास निजामाची राजधानी हैदराबादला गेली. दरबार गेला, त्यामागे सरदार गेले, कारागीर गेले, पुरे ओस पडले. पण शहर मेलं नाही. लहान झालं. एकोणिसाव्या शतकातही ते मुख्यतः या नहरींच्याच पाण्यावर जगत होतं. इंग्रजांची छावणी आली, १८५७ मध्ये तिथल्या घोडदळाने बंड केलं, १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली. हौद तेच राहिले.

आणि मग आपण

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, नागसेनवन उभं राहिलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. मग औद्योगिक वसाहती आल्या, चिकलठाणा, वाळूज. १९६१ मध्ये लाखाच्या आत असलेलं शहर पन्नास वर्षांत बारापटीहून जास्त वाढलं.

हे स्पष्ट बोलूया : एवढ्या लोकांना नहरींचं पाणी पुरलं नसतं. त्यामुळे पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी आणण्याचा निर्णय चुकला, असं आम्ही म्हणत नाही. पण हिशेब बघा. धरण पूर्ण भरलं तर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहर सुमारे ५६८ मीटरवर. म्हणजे पाणी पन्नासेक किलोमीटर आणायचं, शिवाय शंभर मीटरहून जास्त वर चढवायचं. चोवीस तास पंप, चोवीस तास वीज. मलिक अंबरचं पाणी डोंगरावरून खाली येत होतं, आपलं पाणी नदीवरून वर येतं. वीज गेली, जलवाहिनी फुटली, वरच्या धरणांनी पाणी अडवलं, की नळ कोरडा. या शहरात कितीतरी दिवसांआड पाणी येतं, हे इथल्या श्रोत्यांना आम्ही सांगायची गरज नाही. त्यांच्या घरातले ड्रम सांगतात.

चूक कुठे झाली? नवं आणलं यात नाही. जुनं सोडून दिलं यात झाली. आतापर्यंतच्या यादीकडे परत जा. मोगलांनी शत्रूची नहर सांभाळली. निजामाच्या काळात मोगलांच्या नहरींवर चक्की चालली. प्रत्येक नव्या धन्याने आधीच्याचं नाव पुसलं असेल, पण पाणी पुसलं नाही. नळ आल्यावर मात्र नहर कोणाचीच राहिली नाही. ती कोणी हल्ला करून फोडली नाही. तिच्या तोंडांवर रस्ते आले, घरांचे पाये आले, ड्रेनेजचे चर खणताना खापरी नळ तुटले, हौदांत कचरा पडला. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी मुरायचं तिथे, प्लॉट पडले. दोनदा फौजेने उद्ध्वस्त केलेलं शहर ज्या पाण्याने परत उभं केलं, ते पाणी शांततेच्या काळात गेलं.

म्हणून या शहराचा इतिहास फक्त सनावळीने आणि नावांनी शिकला, तर तो अर्धाच कळतो, असं आम्हाला वाटतं. शहर कोणाचं, हा प्रश्न चारशे वर्षांत अनेकदा विचारला गेला आणि तलवारीने सोडवला गेला. शहराला पाणी कुठून, हा प्रश्न शांतपणे सोडवला गेला, म्हणून पहिला प्रश्न विचारायला शहर शिल्लक राहिलं.

जे श्रोते या शहरात राहतात, त्यांना एक विनंती. बेगमपुऱ्यात, जुन्या शहरात, हर्सूलच्या रस्त्याला फिरताना कुठे दगड-चुन्याचा एकटा मनोरा दिसला, रस्त्याच्या कडेला झाकलेली विहीर दिसली, तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ही काय आहे. ज्यांनी तिथलं पाणी प्यायलंय, अशी माणसं अजून आहेत. त्यांना आठवतंय तोपर्यंत लिहून घ्या, जागेचा फोटो काढून ठेवा. नहरी परत वाहत्या करायच्या म्हटलं, निदान मुरणारं पाणी वाचवायचं म्हटलं, तरी त्या जातात कुठून हे आधी माहीत असावं लागेल.

पुढच्या व्याख्यानात आपण बऱ्हाणपूरला जाऊ. तिथली भुयारी वाट याच काळातली आहे आणि तिथे आजही खाली उतरून वाहतं पाणी बघता येतं. इथलं हरवलेलं तिथे पाहायला मिळेल.